बूच, बाटलीबाहेरचं

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या वाटायच्या नाहीत, असं मी ठरवलं. कॉर्कचा एक रोल मागवला, डब्याचं झाकण पालथं ठेवून गोल आखले आणि दोन संध्याकाळी खपून पेल्याखाली ठेवायचे चाळीस कोस्टर कापले. हात दुखले, पण ढीग देखणा दिसत होता. सकाळी उठून बघते तर सगळे पापडासारखे वळलेले. वर पेला ठेवला की डुलायचा. सासूबाई म्हणाल्या, "तळून घे आता, होतंय की."

चूक साधी होती. रोल २ मिलिमीटर जाडीचा होता आणि महिनोन्‌महिने गुंडाळून ठेवलेल्या पातळ कॉर्कला तो बाक सुटत नाही. त्या चाळिसांचे शेवटी वीस झाले. दोन-दोन कोस्टर वळलेल्या बाजू समोरासमोर घेऊन चिकटवले, वर पाट्याचा दगड ठेवला आणि दोघांनी एकमेकांचा बाक मोडला. कॉर्कच्या कामात निम्म्या चुका जाडीच्या असतात आणि उरलेल्या बहुतेक गोंदाच्या. म्हणून खाली प्रत्येक कामाला जाडी आधी सांगितली आहे, नक्षी नंतर.

आधी ही वस्तू काय आहे ते

आपल्याकडे बूच म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, बाटलीचं झाकण आणि बुचाचं झाड. बेळगावच्या टिळकवाडी-कॅम्पातल्या जुन्या रस्त्यांवर पावसाळा सरता-सरता ती लांब देठांची पांढरी फुलं पडलेली असतात, सुई-दोऱ्याशिवाय त्यांची वेणी गुंफता येते. त्या झाडाची साल बुचासारखी जाड नि मऊ असते, पूर्वी कॉर्कला हलका पर्याय म्हणून ती वापरत, त्यावरून हे नाव. पण खरा कॉर्क त्या झाडाचा नव्हे. तो ओकच्या एका जातीची साल. ही झाडं भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात, म्हणजे पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जेरिया या पट्ट्यात वाढतात. जगातला साधारण निम्मा कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतो. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की वाइनच्या बाटल्यांना जी बुचं दिसतात, त्यांतली खरी बुचं याच सालीची.

झाड तोडत नाहीत, फक्त सोलतात. पहिली सोलणी झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर, पुढच्या दर ९ वर्षांनी. पहिल्या दोन सोलण्यांची साल बाटलीच्या बुचाच्या लायकीची नसते, त्यामुळे चांगलं बूच देणारं झाड चाळिशी ओलांडलेलं असतं. कुऱ्हाडीने साल काढली की खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात, म्हणजे पुढची पाळी कधी ते कळतं. बुचं कापून उरलेल्या चुऱ्याचा दाबून जो लगदा करतात, त्याच्या चकत्या म्हणजे आपण दुकानातून आणतो ते कॉर्क शीट.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्कचीच चकती धरली होती आणि त्यात दिसलेल्या कप्प्यांना 'सेल' हे नाव दिलं. आपण शाळेत 'पेशी' शिकलो ती तिथली. हे कप्पे बंद असतात, आत हवा, आणि एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ४ कोटी. बाकी सगळे गुण यातूनच येतात. हवेमुळे उष्णता आरपार जात नाही, वजन नसतं, पाणी शिरत नाही. आणि दाबलं तर कप्पे आतल्या आत मिटतात, बाजूला फुगत नाहीत. रबर दाबून बघा, ते कडेला पसरतं. २४ मिलिमीटर जाडीचं बूच बाटलीच्या साडेअठरा मिलिमीटरच्या गळ्यात जातं ते यामुळे.

एक गल्लत मात्र करू नका. बाशिंगात वापरतात ते भेंड वेगळं. तेही हलकं, पण पाणी लगेच पितं आणि नखाने कापलं जातं. भेंड शोभेला, कॉर्क वापराला.

कुठून आणि किती जाडीचं

स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात नोटीस बोर्डासाठीची शीट मिळतात. ऑनलाइन रोल, शीट आणि कॉर्कचं कापडही मिळतं. निमुळती बुचं हवी असतील तर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे जा, तिथे ती नंबराने मिळतात. बेळगावात अजून एक जागा आहे, उद्यमबागेच्या आसपासची गॅस्केट, म्हणजे यंत्रांच्या सांध्यांत घालायच्या चकत्या, विकणारी दुकानं. तिथलं कॉर्क शीट रबर मिसळलेलं असतं, तेलाला टिकतं, पण वास येतो. कपाटातल्या बरण्यांखाली किंवा मिक्सरच्या पायांखाली घालायला झकास, जेवणाच्या टेबलावर मात्र नको.

घेताना शीटचा कोपरा थोडा वाकवा. लगेच तडा गेला तर माल जुना किंवा कमी दाबाचा. मग कडेला नखाने खरवडा. भुगा सहज पडत असेल तर कापताना प्रत्येक कड दात काढील.

जाडीचा हिशेब असा. कपड्या-पर्सच्या कामाला कापडावर चढवलेला कागदाइतका पातळ कॉर्क. डब्यांना, वह्यांना, ड्रॉवरला आतून लावायला २ मिलिमीटर. चपलेत घालायला ३. कोस्टरला ५. नोटीस बोर्डाला किमान १०, कारण टाचणीचं टोक जवळजवळ तेवढंच लांब असतं. ३ मिलिमीटरच्या शीटचा बोर्ड केलात तर टाचण्या भिंतीला लागून वाकतात, आणि मग सगळे म्हणतात कॉर्क बोर्ड वाईट.

वाणाचे कोस्टर

५ मिलिमीटरचं २ फूट बाय ३ फुटाचं एक शीट घ्या. रोल नको. आणल्यावर गादीखाली एक रात्र सपाट ठेवा. १० सेंटिमीटरचे चौकोन काढले तर एका शीटमध्ये ५४ बसतात. दोन-दोनची जोडी बांधली तर सत्तावीस जणींचं वाण झालं. गोल काढलेत तरी आकडा तोच, पण मधले कोनी तुकडे उरतात. टाकू नका, पुढे लागतील.

आखायला टोकदार पेन्सिल. स्केच पेन फुटतं, कॉर्कच्या बारीक भेगांतून शाई धावते.

कापायला कात्री चालत नाही, ५ मिलिमीटरला ती कड चिरडते. कटर घ्या, ब्लेड कोरं. खाली जुना पुठ्ठा. पहिला हात फक्त ओरखडा काढण्यापुरता, दुसरा थोडा खोल, तिसऱ्या-चौथ्याला आरपार. एकाच दमात दाबून कापायला गेलात तर ब्लेड तिरकं होतं आणि खालचा गोल वरच्यापेक्षा मोठा निघतो. ब्लेड उभं धरा, गोल कापताना हात फिरवू नका, शीट फिरवा. आठ-दहा कोस्टर झाले की ब्लेडचा पुढचा तुकडा मोडून नवं टोक काढा. मऊ दिसत असलं तरी कॉर्क धार फार लवकर खातो. कडेला भुगा सुटायला लागला की समजा धार गेली.

मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने कड हलक्या हाताने घासा. दोनदाच, जास्त घासलं तर गोलाचा घाट बिघडतो.

नक्षीला मी अ‍ॅक्रिलिक रंग वापरते आणि छाप बुचाचाच करते. वाइनच्या बुचाच्या तोंडावर साधं फूल किंवा ठिपके पेन्सिलीने काढून बाकीचा भाग २ मिलिमीटर खोल कोरून टाका, रंग स्पंजवर घेऊन त्यावर बूच टेकवा, थेट डबीत बुडवू नका. रांगोळीचे ठिपके काढायचे तर पेन्सिलीच्या मागचं खोडरबर पुरतं. मुलांना बसवा या कामाला, टेबलावर पेपर मात्र अंथरा.

आता सर्वात जास्त लोक चुकतात ती पायरी. कॉर्क पाणी पीत नाही, पण दाबलेल्या शीटमध्ये कणांच्या मधल्या फटींत चहा, हळद, कोकम जाऊन बसतं. सोलकढीच्या पेल्याचं गुलाबी वर्तुळ निघता निघत नाही. म्हणून पाण्यात विरघळणारं मॅट वॉर्निश दोन पातळ हात द्या, आणि दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला दिलंत तर ती बाजू सुकताना आकसते आणि परत पापड. दोन हातांमध्ये चार तास, आणि चोवीस तास होईपर्यंत एकावर एक रचू नका, चिकटतात. चकचकीत वॉर्निश घेऊ नका. मग ते प्लास्टिकसारखं दिसतं, मग कॉर्क कशाला?

गरम भांड्याखाली

वाइनची बुचं जमवायची असतील तर गोव्यातल्या नातेवाइकांना सांगून ठेवा. जमवलेली बुचं आधी निवडा. प्लास्टिकची वेगळी करा, गरम भांड्याखाली ती वितळतात. कडेला बारीक उभ्या-आडव्या रेषा आणि खड्डे दिसले तर अख्ख्या सालीचं, बारीक दाणे दिसले तर दाबलेल्या चुऱ्याचं. दोन्ही चालतात. ओल्या पोत्यासारखा वास येत असेल ते बूच टाकून द्या, तो जात नाही.

गरम भांड्याखालच्या एका ठेवणीला १९ बुचं लागतात. एक मध्ये उभं, त्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. साधारण १२ सेंटिमीटर रुंदीची मधमाशीच्या पोळ्यासारखी रचना होते. गाड्यांच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून तेवढ्या व्यासाची होज क्लिप, म्हणजे नळीवर आवळायची धातूची पट्टी, आणा, बाहेरून घाला आणि स्क्रू ड्रायव्हरने आवळा. अर्धं आवळून बुचं सपाट पाटावर ठोकून एका पातळीत आणा, मग पूर्ण आवळा. बुचं दबून एकमेकांना घट्ट धरतात, गोंदाचा थेंब लागत नाही.

आणि तो नकोच. ग्लू गनने जोडलेली अशी ठेवणी मी पाहिली आहे. आमटीचं पातेलं ठेवलं की पाच मिनिटांत गोंद मऊ होतो आणि पातेलं उचललं की खाली दोन बुचं लोंबकळत येतात. पांढरा फेविकॉलही उष्णतेला आणि ओलीला ढिला पडतो. क्लिप नको असेल तर बुचांना आडवी भोकं पाडून जाड सुती दोरीत ओवा. भोकं पाडण्याआधी बुचं दहा मिनिटं वाफेवर ठेवा, मऊ होतात आणि फुटत नाहीत. कुकर, चहाचं पातेलं, भाताचं तपेलं खुशाल ठेवा. ज्वाळेवरून उतरवलेली लोखंडी कढई किंवा तवा मात्र नको, कॉर्क काळा पडतो.

कॉर्कच्या कापडाची पर्स

हे कापड म्हणजे कॉर्कचा अगदी पातळ पापुद्रा सुती किंवा पॉलिएस्टर कापडावर चिकटवलेला. हाताला मऊ चामड्यासारखं लागतं. याला अस्तर मी गुळेदगुड्डच्या खणाचं लावते. बाहेरून मातकट कॉर्क, आतून जांभळा नाहीतर हिरवा खण, चेन उघडली की बघणारी "अय्या" म्हणतेच. शहापूरच्या साडीचा काठ उरला असेल तर तोही चालेल.

लहान पैशाच्या पर्सला कॉर्कचे दोन आणि अस्तराचे दोन तुकडे, प्रत्येकी २२ बाय १५ सेंटिमीटर, आणि २० सेंटिमीटरची चेन.

टाचणी लावू नका. एकदा पडलेलं भोक राहतं, कापडासारखं मिटत नाही. कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे लावा. सुईचं भोकही तसंच राहतं, म्हणून शिवण उसवायची वेळ येऊ द्यायची नाही. आधी उरलेल्या तुकड्यावर शिवून बघा, मशीनचा ताण जुळवा, मग खऱ्या कापडाला हात लावा.

सुई १४ नंबरची, नवी. दोरा पॉलिएस्टरचा. टाका ३ ते साडेतीन मिलिमीटर. ब्लाउजला घेतो तसा बारीक टाका घेतलात तर सुईच्या भोकांची रांग पोस्टाच्या तिकिटासारखी होते आणि ओढलं की तिथूनच फाटतं. मशीनचा पाय कॉर्कवर अडखळतो, सरकत नाही. टेफ्लॉनचा पाय असला तर उत्तम, नसला तर आहे त्या पायाच्या तळाला मॅट टेप चिकटवा, सुईसाठी फट ठेवून.

आता क्रम. कॉर्कचा एक तुकडा चांगली बाजू वर, त्यावर चेन पालथी, त्यावर अस्तर पालथं. चिमटे, वरच्या कडेने एक शिवण. चेनच्या दुसऱ्या बाजूला दुसरी जोडी तशीच. आता दोन्ही बाजू उलगडून चेनच्या कडेने वरून एक-एक टीप मारा, नाहीतर अस्तर चेनमध्ये अडकत राहील. मग चेन अर्धी उघडी ठेवा. हे विसरलात तर पर्स उलटी करायला वाटच उरत नाही, माझ्या पहिल्या पर्सची तीच गत झाली होती. कॉर्क कॉर्कवर, अस्तर अस्तरावर आणून सगळीकडून शिवा, अस्तराच्या तळाशी चार बोटं जागा सोडून. शिवणीच्या टोकांना मशीन मागे-पुढे करू नका, तिथे भोकांची गर्दी होते. दोरे मागे ओढून हाताने गाठ मारा.

कोपरे तिरके छाटा. उलटं करण्याआधी कॉर्कला हेअर ड्रायरची कोमट हवा एक मिनिट द्या, मऊ पडतो आणि सुरकुती राहत नाही. शिवण बसवायला इस्त्रीऐवजी चमच्याची पाठ घ्या, लागलीच तर इस्त्री कापडाच्या बाजूने आणि कमी तापलेली. शेवटी अस्तराची सोडलेली जागा हाताने शिवा.

चपला आणि कानातलं

दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधी पोलादाची टंचाई असताना इटलीच्या साल्वातोरे फेरागामोने बुटांच्या टाचेखाली कॉर्कचा सलग पाचर बसवला. आज आपण 'वेज हील' म्हणतो ती तिथून आली.

आपल्याकडे गोष्ट वेगळी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकचे चार त्यात होते आणि त्यांत बेळगाव आहे. अथणी-निपाणीकडची खरी चप्पल तळापासून वरपर्यंत चामड्याची. निपाणीच्या एका कारागिराला मी टाचेखाली कॉर्क घालता येईल का विचारलं तर म्हणाला, "ताई, घालतो की. पण मग तिला कोल्हापुरी म्हणू नका." बरोबर आहे त्याचं. त्या चपलेच्या वाट्याला जाऊ नये.

रोजच्या सँडलच्या टाचेखाली मात्र ३ मिलिमीटरचा कॉर्क घालून बघा. टाचेचा आकार कागदावर घ्या, कापा, पुढची कड पॉलिश पेपरने शून्यावर आणा, नाहीतर तळव्याला टोचते. चांभाराकडे असतं ते रबर सोल्युशन दोन्ही पृष्ठभागांना लावा, दहा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर चिकटेनासं झालं की एकदाच बसवा. पुन्हा सरकवता येत नाही. हातोडी मारू नका, लाटणं फिरवा. महिनाभरात टाचेचा ठसा उमटतो आणि मग ती तुमचीच होते.

कानातल्यांना कोस्टरमधून उरलेले कोनी तुकडे वापरा, नाहीतर बुचाच्या ६ मिलिमीटरच्या चकत्या. अशी चकती अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते, त्यामुळे रुपयाएवढं कानातलंही पाळी ओढत नाही. वर बारीक आकड्याचा स्क्रू गोंदाचा थेंब लावून फिरवा, त्यात हूक. बस्स.

पाहुणे येणार असतील तेव्हा

काचेच्या भांड्यात तरंगती वात छान दिसते आणि तिला कॉर्क हवाच. भांड्यात पाणी, त्यावर दोन बोटं गोडं तेल. बुचाची ५-६ मिलिमीटरची चकती करा, मध्ये जाड सुईने भोक, आणि चकतीवर तेवढाच पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्यालाही भोक. वात खालून वर ओवा, वर ज्वारीच्या दाण्याएवढीच ठेवा. पत्रा विसरू नका. मी पहिल्यांदा विसरले, पाहुणे यायच्या वेळेला कॉर्क धुमसायला लागला आणि घरभर होमाचा वास. तेल संपलं की वात पाण्याला टेकते आणि आपोआप विझते, तरी ती पेटलेली असताना घर सोडून जाऊ नका.

सोलकढी, कोकम सरबत, पन्हं काचेच्या बाटल्यांत भरून ठेवायचं तर निमुळती बुचं घ्या. बूच बाटलीत निम्म्यापेक्षा कमी जावं आणि तिथे घट्ट बसावं. सबंध आत गेलं तर काढताना तुमची करमणूक पाहुण्यांना. वापरण्याआधी दहा मिनिटं उकळा, पूर्ण वाळवा. ओलं बूच लावलं की त्यालाच बुरशी येते. नळी घालायला भोक हवं असेल तर प्रयोगशाळेतला कॉर्क बोअरर ग्लिसरीन लावून बारीक टोकाकडून गोल-गोल फिरवत न्या, खाली लाकडाचा तुकडा ठेवा. आणि जे आंबतंय ते कधीही घट्ट बुचात कोंडू नका. एकतर बूच उडेल, नाहीतर बाटली.

गोव्याहून कुणी वाइन आणलीच तर बाटली आडवी ठेवायची, बूच ओलं राहिलं तरच फुगलेलं राहतं. फेणीची किंवा इतर कडक दारूची बाटली मात्र उभीच. तिचा अर्क बुचाला खातो.

पावसाळ्यात

खानापूरच्या बाजूला राहणाऱ्यांना हे जास्त कळेल. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्यावर हिरवं येतं. कॉर्कवर सहसा येत नाही, पण त्यामागच्या कापडावर आणि गोंदावर येतं. कॉर्कची पर्स भिजली तर कोरड्या फडक्याने टिपा, सावलीत पंख्याखाली ठेवा, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून. उन्हात वाळवू नका, रंग उडतो आणि पापुद्रा कडक होतो. मळली तर ओल्या फडक्यावर साबणाचा थेंब पुरतो, मशीनमध्ये टाकायची नाही. कोस्टर पाण्यात बुडवून घासायचे नाहीत, पुसायचे. वॉर्निश वर्षभरात पातळ होतं, संक्रांतीच्या आठवडाभर आधी एक हात परत मारला की पुढचं वर्ष निघतं.